बुटातली गादी, मणक्यातली गादी

सांगलीत माझे औषधांचे दुकान आहे आणि गेली २६ वर्षे मी दिवसातले नऊ-दहा तास काउंटरमागे उभा असतो. दुकानात लक्ष्मीचा फोटो आहे आणि वडिलांच्या काळापासूनची रीत आहे, त्यामुळे चपला बाहेर काढून आत यायचे आणि दिवसभर अनवाणी वावरायचे, हे आमच्याकडे कधी कोणी ठरवलेही नाही आणि मोडलेही नाही. पूर्वी शहाबादी फरशी होती, नंतर ग्रॅनाइट आले. कंबर मात्र तीच राहिली.

काउंटरच्या डाव्या हाताच्या कपाटात कमरेचे पट्टे, नी कॅप आणि क्रेप बँडेज यांच्या शेजारी सिलिकॉनचे टाचेचे पॅड आणि बुटात घालायचे इनसोल ठेवलेले असतात. ते मी कित्येक वर्षे विकत आलो. ‘कंबर दुखते, बुटात घालायचे काहीतरी असते म्हणे’ असे कोणी म्हटले की पायाचा नंबर विचारायचा आणि पाकीट पुढे करायचे, एवढाच माझा त्या वस्तूशी संबंध होता. त्यावर गोळ्यांपेक्षा नफा बरा सुटतो हेही लपवत नाही. ही वस्तू नेमके काय करते, असा प्रश्न माझी स्वतःची कंबर धरेपर्यंत मला पडला नव्हता.

साधारण तीन वर्षांपूर्वी ते दुखणे सुरू झाले. उसण भरते तशी अचानक चमक त्यात नव्हती; दुपारी चारनंतर कमरेच्या खालच्या भागात जडपणा यायचा, रात्री शटर ओढायला वाकले की तो जडपणा दुखण्यात बदलायचा, आणि सकाळी उठल्यावर दहा-पंधरा मिनिटे सगळे आखडलेले असायचे. औषध दुकानदाराने जे करू नये तेच मी केले. गोळ्या हाताशी असल्यामुळे स्वतःच स्वतःचा डॉक्टर झालो. पोटात जळजळ सुरू झाल्यावर मग अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पाय उचलून, बोटांमधली ताकद पाहून नीट तपासले, एक्स-रे पाहिला, मणक्यांमधल्या गाद्यांची जागा वयोमानाप्रमाणे थोडी कमी झाली आहे पण नस दबल्याची कोणतीही खूण नाही असे सांगितले, आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवले.

त्या बाईंनी मला अनवाणी उभे करून बराच वेळ मागून पाहिले. दोन्ही टाचा आत कललेल्या होत्या आणि उभे राहिल्यावर पायाची कमान जवळजवळ फरशीला टेकत होती. चवड्यांवर उभे राहायला सांगितले तेव्हा मात्र ती पुन्हा वर आली, म्हणजे माझे पाऊल सपाट असले तरी ताठ नव्हते. त्यांनी पाठीचे व पोटाचे व्यायाम शिकवले, काउंटरमागे एक उंच स्टूल आणि एक पाय आळीपाळीने टेकवायला लाकडी पाट ठेवायला सांगितले, आणि शेवटी इनसोलचा विषय निघाला. त्यांचे वाक्य मला जसेच्या तसे आठवते: “इनसोलने तुमची कंबर बरी होईल असं मी सांगणार नाही. उभं राहणं सुसह्य झालं, तर व्यायामाला बरं पडेल, इतकंच.”

अडचण निराळीच होती. इनसोल बुटात राहतो आणि मी दिवसभर अनवाणी. सकाळी घरून दुकानापर्यंतची दहा मिनिटे आणि रात्री परतीची दहा मिनिटे एवढ्यासाठी साडेचार हजार रुपयांचा इनसोल बनवून घेणे म्हणजे छत्री फक्त दारात उघडण्यासारखे होते. इनसोलबद्दलची बहुतेक माहिती अशा देशांतून येते जिथे माणसे घरातही बुटात असतात. आपल्याकडे बूट उंबऱ्याबाहेर राहतो, बायकांचा मोठा वर्ग वर्षभर चपलेत असतो, आणि घरातले उभ्याने करायचे काम, म्हणजे ओट्यापाशीचा स्वयंपाक, बहुधा अनवाणी पायांनी होतो. आईने विचारले, “लक्ष्मीपुढं बूट घालून उभारणार काय?” शेवटी एक नवी जोडी आणली, ती कधीही दुकानाबाहेर न्यायची नाही असे ठरले, आणि रस्ता न पाहिलेले बूट एवढ्या तडजोडीवर आईने मान्यता दिली.

ऑर्थोटिस्टने, म्हणजे असे आधार मापाने बनवून देणाऱ्या तज्ज्ञाने, फोमच्या पेटीत पाय दाबून ठसा घेतला. आठवड्याने मिळालेला इनसोल खालून कडक प्लास्टिकचा आणि वरून ईव्हीए नावाच्या मऊ फोमचा होता, फक्त तीन-चतुर्थांश लांबीचा. बुटातला मूळचा मऊ थर काढून मगच तो बसवायचा असतो, नाहीतर टाच वर येते आणि बूट आवळतो. दुकानातून इनसोल नेणारे बरेच जण नेमके हेच विसरतात, आणि मीही त्यांना इतकी वर्षे सांगत नव्हतो. पहिल्या दिवशी एक तास, मग रोज तासाभराने वाढवत न्यायचे, असे वेळापत्रक मिळाले. पहिल्या आठवड्यात कमानीखाली कोणी लिंबू ठेवल्यासारखे वाटायचे, पोटऱ्या भरून यायच्या आणि दुपारी ते काढून फेकावेसे वाटायचे. दुसऱ्या आठवड्यात ते जाणवेनासे झाले. चौथ्या आठवड्याच्या सुमारास एका संध्याकाळी माझ्या लक्षात आले की सात वाजून गेले आहेत आणि कंबर अजून बोललेली नाही.

इथे थांबलो असतो तर ही इनसोलच्या जाहिरातीसारखी गोष्ट झाली असती. पण त्याच चार आठवड्यांत स्टूल आले होते, पाट आला होता, रोजचा अर्धा तास व्यायाम सुरू झाला होता, गोळ्या बंद झाल्या होत्या, आणि पावसाळ्यातली तापाच्या रुग्णांची गर्दी ओसरल्यामुळे माझे उभे राहणेही कमी झाले होते. शिवाय कंबरदुखीला भरती-ओहोटी असते. माणूस वैद्याकडे जातो तो भरतीच्या दिवशी, आणि त्यानंतर काहीही केले तरी ओहोटी बहुधा येतेच. मग श्रेय त्या वेळी पायात जे असेल त्याला मिळते.

म्हणून मी वही घातली. इनसोल नेणाऱ्या गिऱ्हाइकाला विचारून त्याचे नाव, वय, काम, दुखणे कुठे आणि केव्हा, एवढे लिहून घ्यायचे आणि सहा आठवड्यांनी फोन करायचा. या फोनांनी पहिली गोष्ट शिकवली ती अशी, की काउंटरवर आजवर माझ्या कानावर येणारे अनुभव एकाच बाजूचे होते. ज्याला बरे वाटते तो दुसरी जोडी घ्यायला येतो आणि चार लोकांसमोर सांगतो. ज्याला उपयोग झाला नाही त्याचा इनसोल चपलांच्या कपाटात जातो आणि तो माणूस पुन्हा त्या विषयावर बोलत नाही. फोन केल्यावर, “तो होय? तो नाही वापरत मी,” हे उत्तर मला इतक्यांदा ऐकावे लागले की सुरुवातीला थोडा अपमानच वाटला.

सर्वांत मोलाचे उत्तर एका परिचारिकेने दिले. बारा-बारा तासांची ड्युटी, सपाट पातळ तळव्याचे बूट, आणि ड्युटी संपताना कंबर व पाय दोन्ही गळून गेलेले. तिने साधा मऊ, पूर्ण लांबीचा इनसोल नेला होता. सहा आठवड्यांनी ती म्हणाली, “पाय हलके झाले, काका. कंबर आहे तिथंच आहे.” उपयोग झाला की नाही या प्रश्नाला बहुतेक जण एकच उत्तर देतात, कारण थकवा एकच वाटतो; तिने मात्र पायांचा हिशेब आणि कमरेचा हिशेब वेगळा मांडला. त्यानंतर मी प्रत्येकाला दोन वेगळे प्रश्न विचारू लागलो, आणि पुष्कळांच्या ‘फरक पडला’ या शब्दांमागे प्रत्यक्षात टाच, तळवा किंवा पोटरी यांचा आराम असल्याचे दिसू लागले. तो आराम खोटा नव्हे. दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाचे तळवे दुखायचे थांबले तर तो अंग चोरून, एका पायावर भार देऊन उभा राहत नाही, आणि त्याचा कमरेलाही थोडा लाभ होत असेल. पण तो आडवळणाचा लाभ झाला.

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार याला अपवाद होते. मोटारसायकलच्या अपघातात मांडीचे हाड मोडले होते, ते जुळताना पाय आखूड झाला, आणि नंतर काही वर्षांनी कंबर दुखू लागली. ते माझ्याकडे मऊ इनसोल मागायला आले होते, पण दुकानाची पायरी चढतानाच त्यांच्या चालण्यातला झोल दिसत होता. मी त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे पाठवले. तिथे उताणे झोपवून कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून आतल्या घोट्यापर्यंत टेपने दोन्ही पाय मोजले, उभे करून आखूड पायाखाली लाकडी चकत्या ठेवून कंबर समपातळीत कधी येते ते पाहिले, आणि फरक सुमारे दोन सेंटिमीटर निघाला. एवढी उंची बुटाच्या आत मावत नाही. सेंटिमीटरभराच्या वर पट्टी घातली की टाच बुटातून बाहेर निसटते. त्यामुळे थोडी उंची आत आणि उरलेली तळव्याला बाहेरून चिकटवून घ्यावी लागली, आणि तीही एकदम न देता टप्प्याटप्प्याने. त्यांचा सहा आठवड्यांनंतरचा फोन वहीतला सर्वांत आनंदी फोन आहे. तक्रार एकच होती: बागेत चिखल असला की गमबूट घालावे लागतात, आणि त्या दिवशी रात्री कंबर आठवण करून देते.

त्यांची गोष्ट पसरली आणि पंधरवड्यात तीन जण ‘माझाही एक पाय आखूड आहे’ म्हणत आले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार दहांपैकी नऊ माणसांच्या पायांच्या लांबीत काही ना काही फरक असतोच, त्याची सरासरी पाच मिलिमीटरच्या आसपास असते, आणि बहुतेकांच्या बाबतीत हा फरक दोन सेंटिमीटरच्या जवळ जाईपर्यंत त्याला फारसे महत्त्व नसते. कोणीतरी झोपवून, पाय ओढून ‘एक पाय आखूड आहे’ असे सांगितले म्हणजे दुखण्याचे कारण सापडले असे होत नाही. स्नायू आखडून कंबर एका बाजूला कलली तरीही पाय आखूड भासतो.

दोन फोन असे होते की त्यांच्यानंतर मी विक्रीची पद्धत बदलली. एका बाईंना मधुमेह होता. त्यांनी माझ्याकडून नव्हे, पण दुसरीकडून उंच, कडक कमानीचा इनसोल घेतला होता, तळव्यांची संवेदना कमी झालेली असल्यामुळे कमानीखाली फोड आलेला त्यांना कळलाच नाही, आणि मोज्याला डाग दिसला तेव्हा जखम झालेली होती. दुसरे गृहस्थ कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळांसाठी दोन महिने इनसोल बदलत राहिले; मी फोन केला तेव्हा ते सहज म्हणाले की हल्ली डाव्या पायाचा अंगठा वर उचलता येत नाही आणि चप्पल पायातून गळते. ही सायटिकाची साधी कळ नव्हे, नस दबून ताकद जात असल्याची खूण आहे. त्यांना त्याच संध्याकाळी तज्ज्ञांकडे जायला लावले. पायातली ताकद जाणे, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ताप किंवा कारण नसताना वजन उतरणे, यांपैकी काहीही कंबरदुखीबरोबर असेल तर बुटात काय घालावे हा विचारच करू नये.

बाकीच्या नोंदी थोडक्यात सांगता येतील. एसटीतल्या एका वाहकाला मऊ इनसोलने तीन आठवडे स्वर्ग वाटला, मग तो दबून पापडासारखा झाला. एका शिक्षकाची कंबर तशीच राहिली आणि वर गुडघा दुखू लागला. उंच कमानीचा इनसोल काढल्यावर गुडघा थांबला. साडी-चपलेत वावरणाऱ्या बायकांना इनसोल देण्यात अर्थच नव्हता, त्यांच्यासाठी मी एमसीआर, म्हणजे मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या, चपला सुचवू लागलो. त्या सूक्ष्म छिद्रांच्या रबराचा इतिहास मला फार आवडतो: संवेदना गेलेल्या तळव्यांना जखमा होऊ नयेत म्हणून कुष्ठरुग्णांच्या पादत्राणांसाठी ते वापरात आणण्यात वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांचा मोठा वाटा होता. आता घराघरांत टाचदुखीवाली मंडळी तीच चप्पल स्वयंपाकघरात घालतात. टाचेला तिने आराम पडतो. कमरेबद्दल मला ठामपणे सांगणारे कोणी भेटले नाही.

वहीचा एवढा पसारा झाल्यावर मी मोठ्या अभ्यासांकडे वळलो, आणि ते वाचताना परिचारिकेचे वाक्य सारखे आठवत राहिले. तर्क मोहात पाडणारा आहे: कमान बसली की घोटा आत कलतो, नडगीचे हाड आत फिरते, त्याच्या मागोमाग मांडीचे हाड, आणि शेवटी कटीचा सांगाडा पुढे झुकून कमरेचा बाक वाढतो, मग कमान उचलली की कंबर सुटली पाहिजे. पण तळव्यापाशी बदललेले दोन-चार अंश कमरेपर्यंत पोहोचताना किती उरतात, आणि उरले तरी दुखणे त्यानेच होते का, हा प्रश्न उरतोच. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २००७ सालच्या आढाव्यात सहा चाचण्या होत्या. त्यांतल्या तीन, २०६१ माणसांवरच्या, चाचण्या कंबरदुखी टाळण्यासंबंधी होत्या, आणि इनसोलने ती टळत नाही असा स्पष्ट निष्कर्ष निघाला. उपचार म्हणून काही ठरवण्याइतका पुरावा मिळाला नाही. इस्रायलच्या पायदळातल्या ४०४ नव्या सैनिकांवरच्या २००५ सालच्या चाचणीत मापाचे खास इनसोल आणि कमानीला आधार नसलेले साधे इनसोल यांत पाठदुखीच्या बाबतीत म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. कोणते उपचार द्यावेत याची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने तर २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी इनसोल देऊ नयेत असेच सांगितले, आणि त्याच यादीत पट्टेही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी पट्टे व ट्रॅक्शन (कंबर ओढून ताण देण्याचा उपचार) नकोत आणि व्यायाम व रुग्णाला नीट समजावून सांगणे यांवर भर द्यावा असे म्हटले. माझे डाव्या हाताचे कपाट या दोन कागदांसमोर बरेच रिकामे होते, हे सांगताना मला फार आनंद होत नाही.

दुसऱ्या बाजूलाही काही आहे. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जुनाट कंबरदुखीच्या २२५ रुग्णांपैकी ज्यांना मापाचे इनसोल दिले त्यांचे दुखणे सहा आठवड्यांनी, नुसते वाट पाहणाऱ्या गटाच्या तुलनेत, कमी झालेले आढळले. मात्र वाट पाहणाऱ्यांना आपल्याला काहीच मिळालेले नाही हे ठाऊक होते, आणि ज्याच्या पायाचा ठसा घेतला गेला, ज्याच्यासाठी खास वस्तू घडवली गेली, त्याच्या मनाला आणि म्हणून दुखण्यालाही काही उभारी मिळणारच. ती उभारी खोटी म्हणून मोडीत काढावी असे मला वाटत नाही. साडेचार हजारांना ती महाग पडते, इतकेच.

म्हणून आता कोणी कमरेसाठी इनसोल मागितला की मी आधी दिवसातले किती तास बूट पायात असतात ते विचारतो, मग मधुमेह, मुंग्या, ताकद यांची चौकशी करतो, आणि सगळे ठीक असेल तर साधा, स्वस्त, मऊ इनसोल देतो. सोबत पायांचे आणि कमरेचे दुखणे वेगवेगळे, दहापैकी किती, असे रोज रात्री कॅलेंडरवर लिहायला सांगतो. पुष्कळ जण लिहीत नाहीत. एक-दोघे पाकीट न घेताच फिजिओथेरपिस्टचा पत्ता घेऊन गेले, त्या वेळी आमचा दुकानातला मुलगा माझ्याकडे बघत राहिला होता.

गेल्या डिसेंबरात मी स्वतःवरही हा प्रयोग केला. व्यायाम, स्टूल, पाट, बूट सगळे तसेच ठेवले आणि फक्त इनसोल पंधरा दिवस काढून ड्रॉवरमध्ये ठेवला. कॅलेंडरवर कमरेच्या आकड्यांत फरक पडला नाही. नवव्या दिवशी टाचा दुखू लागल्या. सोळाव्या दिवशी इनसोल पुन्हा बुटात गेला आणि वहीत माझ्या नावापुढे मी लिहिले: पायांना इनसोलचा उपयोग, कमरेला व्यायामाचा. आईने ते वाचले आणि म्हणाली, मग बूट काढ की, व्यायाम काय अनवाणीच करतोस. तिला अजून उत्तर दिलेले नाही.